आतल्या चपला

"थांबा आबा, बोलू नका," असं म्हणून शुभदानं डोळे मिटले.

तिची तीन बोटं रखमाजीच्या उजव्या पावलावर, घोट्याच्या जरा पुढे टेकलेली होती. बाहेर सोमाटणे फाट्यावर ट्रकवाले एकमेकांवर हॉर्न वाजवत होते, ओपीडीत कुणाचं तरी मूल भोकाड पसरून रडत होतं, पण खोलीत कुणी हललं नाही. अनिता सिस्टर ड्रेसिंगचा ट्रे हातात धरून तशीच उभी राहिली. मॅडमनी डोळे मिटून नाडी बघायला घेतली की पंख्यानंसुद्धा हळू फिरायचं असतं, असं ती नव्या नर्सना सांगायची. रखमाजीची बायको कस्तुराबाई पदर तोंडाशी धरून स्टुलावर बसली होती.

"आहे," शुभदा म्हणाली. "मस्त उडतेय."

"आत्ता गं बया," कस्तुराबाई म्हणाली आणि तिचा पदर खाली आला.

मग शुभदानं पेनासारखं एक यंत्र त्याच जागी टेकवलं आणि खोलीभर सूं-सूं, सूं-सूं असा आवाज घुमू लागला. आधी हात, मग यंत्र, असा तिचा शिरस्ता होता. रक्तवाहिन्यांच्या सर्जनला हल्ली हात लावल्यावाचूनही सगळं पडद्यावर दिसतं, पण हिला ते पटायचं नाही. दोन महिन्यांपूर्वी या पावलात ना नाडी होती ना ऊब. मधुमेह आणि जन्मभराची बिडी, दोघांनी मिळून मांडीतली मोठी रक्तवाहिनी पार बुजवून टाकली होती आणि करंगळीशेजारचं बोट काळं पडलं होतं. बोट गेलं. पाय मात्र तिनं जाऊ दिला नाही. त्याच पायातली एक शीर घेऊन, बुजलेल्या जागेला वळसा घालून, तिनं रक्ताला नवी वाट करून दिली होती.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिनं हे सगळं कागदावर काढून दाखवलं, तेव्हा रखमाजी बराच वेळ त्या चित्राकडे बघत राहिला होता.

"म्हंजी पाट गाळानं भरलाय," तो शेवटी म्हणाला. "तुमी बाजूनं चारी काढनार."

"अगदी तेच."

"मग काढा. खालच्या वावरात पानी पोचलं म्हंजी झालं."

पाणी पोचलं होतं. आवाज ऐकून शुभदा स्वतःवर खूश झाली, आणि का होऊ नये? सहा तास उभी राहिली होती ती त्या चारीसाठी.

"आता तळवा बघू," असं म्हणत तिनं पाय उचलून धरला आणि तिच्या तोंडावरचं हसू मावळलं.

बोटांच्या खाली, तळव्याच्या मऊ भागावर रुपयाएवढी जखम होती. मागच्या खेपेला ती भरत आली होती. आता तिच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या आणि मधे ओल होती. शुभदानं हातमोजा चढवून जखमेच्या बाजूला बोटानं दाबलं. रखमाजी खिडकीबाहेर ट्रक बघत होता.

"दुखतंय का?"

"काय?"

"हे. मी दाबतेय ते."

"दाबताय व्हय?" तो वळून म्हणाला.

शुभदानं अनिताकडे पाहिलं. अनितानं ट्रे खाली ठेवला.

"आबा, तुम्ही अनवाणी फिरताय."

"न्हाई."

"खोटं सांगू नका. मापाच्या चपला करून दिल्यात तुम्हाला. कुठे आहेत?"

"भाईर. दारात काढल्यात."

खोलीच्या दारावर 'चपला बाहेर काढाव्यात' अशी निळी पाटी होती आणि तिच्याखाली सगळ्या पेशंटांच्या चपलांचा ढीग. त्यातून अनितानं ती जोडी शोधून आणली. जाड काळे पट्टे, मऊ तळ, मागून घोट्याला बंद. शुभदानं चपला उलटसुलट करून पाहिल्या. नव्या कोऱ्या असत्या तर तिला बोलायला बरं झालं असतं. पण तळाला शेतातला चिखल वाळलेला होता आणि टाच थोडी झिजलीही होती.

"भैरवनाथाची आन, डॉक्टरीणबाई," कस्तुराबाई पुढे सरकली. "वावरात जात्यात तर चपलीत. पिठाच्या गिरनीत जात्यात तर चपलीत. पारावर बसाय गेले तरी चपलीत. पोरं हसत्यात, म्हातारा पायाला गाद्या बांधून फिरतोय म्हनून."

"मग ही जखम काय आभाळातून पडली?"

कस्तुराबाईनं पदर पुन्हा तोंडाशी नेला. शुभदाच्या नाकावर राग असायचा हे सगळ्या हॉस्पिटलला माहीत होतं. ऑपरेशन थिएटरमध्ये ती कधी आवाज चढवायची नाही, मांडीतून रक्ताची चिळकांडी उडाली तरी नाही. तिचा पारा चढायचा तो इथे, जखमा भरत नसल्या की. आणि चढला की आबा नाही, मावशी नाही, सगळ्यांची सारखीच खरडपट्टी.

"नीट ऐका. ही जखम हाडापर्यंत गेली, तर माझी चारी काही कामाची नाही. वरून कितीही पाणी सोडलं तरी पाय वाचणार नाही. गुडघ्याखाली काढावा लागेल. आणि तो मलाच काढावा लागेल."

रखमाजीनं पाय हळूच जवळ ओढून घेतला. मग तो म्हणाला, "आमचा थोरला भाऊ व्हता. भिकाजी."

"हं."

"त्याचाबी असाच काढला. तिकडं पुन्याला. घरी आनला आन वट्यावर बसवला. चांगला गडी, कुस्त्या मारलेला. पुन्यांदा वट्याखाली उतरला न्हाई. दसऱ्याला बसला आन शिमग्याला गेला." त्यानं शुभदाकडे पाहिलं. "मला तसं बसवू नका, मॅडम. बाकी काय म्हनाल ते करतो."

शुभदाला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं की ती आणखीच तडकायची. "मी म्हणते ते तुम्ही करत नाही, हीच तर अडचण आहे," असं म्हणून ती ड्रेसिंग करायला बसली. ते काम तिनं अनितावर सोडलं नाही.

जाताना कस्तुराबाई दारात घुटमळली. "आमी खोटं बोलतोय असं वाटतंय ना तुमाला? मग एकदा घरलाच या. बगा तुमच्या डोळ्यानं."

"येईन," शुभदा म्हणाली. असं म्हणायची पद्धत असते म्हणून ती म्हणाली. पुढच्या खेपेला जखम होती तिथेच होती, उलट कणभर खोल, आणि मग मात्र तिला ते शब्द आठवले आणि खंडेनवमीला येते म्हणून तिनं सांगून टाकलं.

खंडेनवमीला ओपीडी बंद होती. सकाळी थिएटरमध्ये अनितानं दरवर्षीसारखी पूजा मांडली. हिरव्या कापडावर जुन्या कात्र्या, चिमटे, सुया धरायच्या पकडी, आणि कडेला ते सूं-सूं करणारं यंत्र, त्याच्यावर झेंडूचं फूल. शुभदानं थिएटरचे कपडे घातलेले होते, पायांत थिएटरच्या पांढऱ्या रबरी चपला. तिनं हळद-कुंकू वाहिलं, हात जोडले, पेढा खाल्ला. तातडीचं काही आलं नव्हतं. अकराच्या सुमारास ती घरी लोणावळ्याला जायला निघाली आणि कामशेतला आल्यावर गाडी पवनानगरच्या रस्त्याला वळवली.

इकडे ती लहानपणी वडिलांबरोबर यायची. लोणावळ्यातच वाढलेली पोर, पुढे मुंबईत शिकली आणि पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात लागली. चांगलं चाललं होतं, नाव झालं होतं. पण तिथे मावळातून पाय यायचे. सगळे असंच म्हणायचे, पाय आलाय. पवनानगरचा पाय, सुदुंबऱ्याचा पाय. काळे पडलेले, वास मारणारे, चार ठिकाणी लेप लावून मग आणलेले. ते कापण्यापलीकडे काही उरलेलं नसायचं. असं करता करता एके दिवशी तिच्या डोक्यात आलं की पाय इथवर पोचायची वाट कशाला बघायची, आपणच जरा अलीकडे जाऊन बसू. सोबतचे म्हणाले, वेडी आहेस का, सोमाटण्यात कोण येणार तुझ्याकडे? आले की! रांग लागली. आता महिन्यात एखादाच पाय जायचा, आणि तो एक पाय तिच्या मनाला आठवडाभर लागून राहायचा.

रखमाजीच्या गावात, पेठेत शिरेपर्यंत तिकोना किल्ला डोक्यावर आला होता. दोन्ही बाजूंना भात लोंबीवर आलेलं, इंद्रायणी तांदळाचा वास गाडीच्या काचा बंद असतानाही आत येत होता. घर विचारावं लागलं नाही. कस्तुराबाई वाटेवरच उभी होती.

"आल्या! मी म्हनलं व्हतं ह्यांना, येत्यात बगा!"

घर साधंच होतं. अर्धं जुनं, मातीच्या भिंतींचं, अर्धं थोरल्या मुलानं, कैलासनं, कंपनीत लागल्यावर बांधलेलं, फरशीचं. पायरीशी चपलांची रांग होती आणि त्यात रखमाजीची काळी जोडीही होती. शुभदानं आपल्या सँडल तिच्या शेजारी काढल्या आणि आत गेली.

सोप्यात हत्यारं मांडली होती. नांगराचा फाळ, विळे, कोयता, कुदळ, हातोडी, फवारणीचा पंप, शेवटी कैलासचा पान्यांचा डबा. सगळ्यांवर हळद-कुंकू आणि झेंडू. रखमाजी धोतर खोचून फुलं नीट करत होता. तिला बघून तो लगबगीनं उठला, "बसा बसा" म्हणत आत स्वयंपाकघरात गेला, पाण्याचा तांब्या घेऊन आला, पुन्हा आत गेला, गुळाची वाटी आणली, मग उदबत्ती विझली म्हणून देवघराकडे. शुभदा त्याच्या पावलांकडे बघत होती. पट्टी बांधलेला पाय आणि दुसरा, दोन्ही उघडे, फरशीवरून जमिनीवर, जमिनीवरून फरशीवर.

"आबा!"

"जी?"

"चपला कुठे आहेत?"

"दारात की. न्हाई दिसल्या?"

"पायांत का नाहीत?"

रखमाजीला प्रश्नच कळला नाही. त्यानं बायकोकडे पाहिलं.

"घरात?" कस्तुराबाईनं विचारलं.

"तुम्ही देवाची शपथ घेतलीत की अनवाणी चालत नाहीत म्हणून!"

"न्हाईच चालत," रखमाजी म्हणाला. "घरात कोन अनवानी असतंय व्हय, मॅडम? घरात मानूस घरात असतो."

"आन घरात चपला घालून फिराय आमी काय सायेब लागून गेलो?" कस्तुराबाई म्हणाली. "हितं देव, तितं चूल, मदल्या खोलीत भाताच्या कनग्या. लक्षुमीच्या अंगावरनं चपला घालून जायाचं?"

शुभदाच्या जिभेवर चार वाक्यं तयार होती आणि एकाहून एक तिखट. इतके महिने ही माणसं तिचं ऐकत होती, मान डोलावत होती, आणि दिवसातले निम्म्याहून जास्त तास उघड्या पायांनी वावरत होती! पण आज सण होता, हातात गुळाची वाटी होती. तिनं वाटी खाली ठेवली.

"मला दाखवा. दिवसभर कुठून कुठे जाता ते. चला."

रखमाजी पुढे झाला. सोप्यातून देवघर, देवघरातून माजघर. "आन हितनं भाताच्या खोलीत. कोंबड्यांना दानं काढाय, उंदरं बगाय, लय येळा येतो मी हितं." तो उंबरा ओलांडून आत गेला. त्याच्या मागोमाग शुभदानं उंबरा ओलांडला, पाऊल टेकवलं आणि किंचाळली.

"आई गं!"

"आगं बाई! काय झालं?"

ती भिंतीला धरून एका पायावर उभी राहिली. उंबऱ्याला आतल्या बाजूनं, उंदरांनी माती उकरू नये म्हणून, पत्रा ठोकलेला होता. त्याचा एक कोपरा खिळा निघून वर आला होता, नखाएवढाच, उंबरा ओलांडून पाऊल जिथे पडतं नेमका तिथे. शुभदाच्या तळव्यातून रक्ताचा थेंब आला होता. बोटांच्या खाली, मऊ भागावर.

"तो पत्रा व्हय!" कस्तुराबाई म्हणाली. "लय वंगाळ हाय तो. मला पार गौरीच्या टायमाला टोचला व्हता. तवापासनं मी त्या अंगाला पायच टाकत न्हाई. कैलासबी तिकडनं जातोय, कडंकडंनं."

ती बोलता बोलता थांबली. दोघींनी एकाच वेळी रखमाजीकडे पाहिलं.

घरातल्या सगळ्यांना तो कोपरा एकदा टोचून गेला होता. म्हणून सगळे तो चुकवत होते, न बोलता, न ठरवता. रखमाजीला तो कधी टोचलाच नव्हता.

तो खाली वाकला आणि पत्र्यावरून अंगठा फिरवून बघितला. हाताला लागलं तसा त्यानं झटकन अंगठा मागे घेतला. मग आपल्या पट्टी बांधलेल्या पावलाकडे बघत राहिला. "रोज," तो म्हणाला. "रोज ह्याच्यावर..."

शुभदानं स्वतःच्या पायाकडे पाहिलं. फरशीवरचे कण चिकटलेला, उघडा, दुखणारा पाय. आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की तिच्याही सँडल पायरीशी आहेत. कुणी काढायला सांगितल्या नव्हत्या. काढताना तिच्या मनात काही आलंही नव्हतं. जिनं हजार पायांना अनवाणी फिरू नका म्हणून दम दिला, ती आल्या आल्या चपला काढून आत आली होती. जिभेवरची चारही वाक्यं कुठल्या कुठे गेली. तिला हसू आलं, आणि हसताना डोळ्यांत पाणीही आलं. टोचलंही बऱ्यापैकी होतं म्हणा.

"हातोडी आना की," ती म्हणाली. या घराची बोली तिच्या तोंडात कधी आली ते तिलाही कळलं नाही.

"आज?" कस्तुराबाईनं गालाला बोट लावलं. "पुजलेल्या हत्याराला आज हात लावायचा न्हाई. उद्या शिलंगण झाल्याबिगर न्हाई."

"अहो मावशी, हा पत्रा..."

"हत्याराला न्हाई म्हनलं मी. धोंड्याला कोन इचारतंय?" असं म्हणून ती परड्यात गेली, चांगला गोल धोंडा घेऊन आली आणि पदर खोचून त्या कोपऱ्यावर अशी काही तुटून पडली की कोंबड्या ओरडत पळाल्या. नवऱ्याच्या भोगाचा सगळा हिशेब तिनं त्या पत्र्याकडून घेतला. कोपरा सपाट झाला, तरी ती आणखी चार घाव घालतच राहिली.

"बास गं, उंबरा फोडशील," रखमाजी म्हणाला.

मग तिनं शुभदाला चुलीजवळ बसवलं. "हळद लावू का?" तिनं विचारलं आणि लगेच जीभ चावली. जखमेला हळद लावली म्हणून याच डॉक्टरीणबाईनं तिला एकदा पाऊण तास झापलं होतं.

"लावा," शुभदा म्हणाली. "कुणाला सांगू नका."

चहा झाला. शुभदानं रखमाजीची पट्टी सोडून जखम पाहिली, पुन्हा बांधली. पत्रा बसला, पण उद्या चुलीतला निखारा असेल, परवा एखादा खडा किंवा खिळा. टोचणार काहीतरी होतंच, आणि याला कळणार नव्हतं. तिनं बराच वेळ विचार केला आणि दम द्यायच्या नेहमीच्या आवाजाऐवजी दुसऱ्याच आवाजात बोलायला सुरुवात केली.

"मावशी, आमचं ऑपरेशनचं थिएटर असतं ना, तिथे बाहेरची चप्पल चालत नाही. दाराशी लाल पट्टा आहे. तिथे बाहेरच्या काढायच्या, आतल्या घालायच्या. त्या आतल्या कधी पट्ट्याबाहेर जात नाहीत. धुतलेल्या असतात. त्यांना बाहेरची माती ठाऊकच नाही."

"बरं."

"आज सकाळी आम्ही तिथे पूजा केली. अशीच, हत्यारांची. मी कुंकू वाहिलं तेव्हा माझ्या पायांत त्या चपला होत्या."

"देवाम्होरं?" कस्तुराबाईचे डोळे विस्फारले.

"हो. माझ्या मनातसुद्धा आलं नाही. आबांना तसली एक जोडी करू. घरातली. ती दारापर्यंतसुद्धा न्यायची नाही."

कस्तुराबाई चुलीकडे बघत राहिली. तिनं एक लाकूड आत सारलं. रखमाजी काही न बोलता दोघींच्या मधे बसला होता. पाय त्याचा होता, पण घर तिचं होतं, आणि ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

"चपला त्या चपलाच," ती शेवटी म्हणाली, आणि उठून शुभदाच्या ओटीत घालायला तांदूळ आणायला गेली.

लोणावळ्यापर्यंतच्या रस्त्यात शुभदाला काही सुचलं नाही. सणाच्या दिवशी आपण एका बाईला तिच्या घरात भलतंच काही सांगून आलो, असं तिला वाटत राहिलं, आणि न सांगता आलो असतो तर पाय गेला असता, असंही वाटत राहिलं. पाय ठणकत होता.

दसरा झाल्यावर ती कामावर आली तेव्हा ओपीडीच्या वऱ्हांड्यात थबकली. तिच्याच खोलीच्या दारात, तिच्याच पाटीखाली, चपलांचा ढीग. आणि बाकावर तिचे पेशंट, एका रांगेत, सगळे उघडे पाय. ड्रेसिंग केलेले, बोटं गेलेले, बधिर. रोज याच ढिगाला वळसा घालून ती आत जात होती.

"अनिता, ही पाटी काढा."

"पण मॅडम, फरशी..."

"फरशी पुसता येते."

पाटी निघाली, पण ढीग काही हलला नाही. "घालून या हो आतमध्ये," म्हणून अनिता घसा खरवडून ओरडायची. लोक हो म्हणायचे, आणि दारापर्यंत आले की वाकून चपला काढायचे. देऊळ, घर आणि डॉक्टर, तिन्ही ठिकाणी पाय आपोआप मोकळे व्हायचे. त्यांना काय बोलणार? शुभदानं बोलणं सोडलं आणि दाराच्या आत एक जाड पायपुसणं टाकलं.

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात रखमाजी आला. शुभदानं दारातून त्याला येताना पाहिलं. काळ्या चपला घालून, काठी न घेता. मागे कस्तुराबाई, हातात कापडी पिशवी. रखमाजी उंबऱ्याशी थांबला, भिंतीला धरलं आणि वाकून चपलांचे बंद सोडू लागला.

शुभदानं कपाळाला हात लावला. "आबा..."

"थांबा वाईच," कस्तुराबाई म्हणाली.

तिनं पिशवीत हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेली दुसरी जोडी काढली. तशीच, मऊ तळाची, पण कोरी करकरीत. खाली वाकून तिनं ती उंबऱ्याच्या आतल्या बाजूला, पायपुसण्यावर ठेवली. रखमाजीनं बाहेरच्या चपलेतून एक पाय काढला तो थेट आतल्या चपलेत घातला, मग दुसरा. मधे जमिनीला टेकू दिला नाही. तसा तो चालत येऊन खुर्चीत बसला. दोन्ही चपलांच्या पट्ट्यांवर हळदीकुंकवाची बोटं उमटलेली होती, आता जरा पुसट झालेली.

"ह्या..." शुभदानं पट्ट्यांकडे बोट दाखवलं.

"कैलासनं दसऱ्यालाच आनल्या, मुहूर्ताच्या," रखमाजी म्हणाला. "मी म्हनलं, म्हातारी काय घालू देत न्हाई. तर हिनं घेतल्या आन नेऊन ठेवल्या हत्यारांच्या रांगेत. कोयता, कुदळ, मग ह्या."

"मग काय!" कस्तुराबाई जरा रागानंच म्हणाली. "कोयता काय आन ह्या काय, कामाच्याच की. पुजल्यावर त्या घरच्या झाल्या. आता देवघरात गेल्या तरी देव काय म्हनत न्हाई. आन हितं आत यायाचं तर घरच्याच बऱ्या, न्हाई का? तुमचीबी जागा हाय ना, म्हनून संगं आनल्या."

शुभदानं मान डोलावली. तिनं स्टूल ओढलं, तीन बोटं पावलावर टेकवली आणि डोळे मिटले. नाडी चांगली उडत होती. मग पाय उचलून तळवा पाहिला. जखमेच्या जागी गुलाबी कातडी आली होती, नखानं ओढावी एवढीच बारीक रेघ उरली होती. अनिता ड्रेसिंगचा ट्रे घेऊन आली, बघितलं, आणि ट्रे परत घेऊन गेली.

"भरली, आबा," शुभदा म्हणाली. "पाय तुमचाच आहे आता."

रखमाजीनं दोन्ही हात जोडले आणि तसाच बसून राहिला. कस्तुराबाईनं पदरानं डोळे पुसले, नाक पुसलं, आणि मग एकदम काहीतरी आठवून पुढे सरकली.

"आन तुमचा?"

"माझा काय?"

"पाय. पत्रा लागल्याला. दावा बरं."

"बरा झाला तो. कधीच."

"आमीबी असंच म्हनत व्हतो," कस्तुराबाई म्हणाली. "दावा."

शुभदा हसली. मग तिनं सँडल काढली आणि पाय गुडघ्यावर घेऊन तळवा वर केला. कस्तुराबाई कमरेत वाकली, पाय उजेडाकडे वळवून घेतला आणि त्या जागी अंगठ्यानं दाबलं.

"दुखतंय का?"

"थोडंसं."

"दुखतंय ना? मग बेस हाय," कस्तुराबाई म्हणाली, आणि सँडल उचलून तिच्या पायापाशी ठेवली. "घाला आता ती."